स्वभाव ओळखायचा तर प्रसंग लिहा

अंगारकीला राजूरच्या गणपतीला पायी जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना एवढं माहीत असतं, की परंपरेनुसार गजाननाने वरेण्य राजाला गणेशगीता सांगितली ती इथेच. तिच्यात आहे काय, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. गणेशपुराणाच्या क्रीडाखंडात ती येते, अकरा अध्यायांची आहे, आणि तिच्या शेवटच्या दोन अध्यायांत बरंचसं बोलणं माणसांच्या स्वभावप्रकारांबद्दल आहे. दहाव्यात दैवी, आसुरी आणि राक्षसी अशा तीन प्रकृती आणि त्यांची चिन्हं. अकराव्यात तप, दान, ज्ञान, कर्म यांचे सात्त्विक, राजस, तामस असे भेद. भगवद्गीतेचा सोळावा अध्याय दैवी आणि आसुरी या दोन संपदांवर थांबतो. इथे तिसरा वर्ग वेगळा काढलेला आहे. आणि हे सगळं ऐकणारा वरेण्य कोण? जन्मलेलं मूल विचित्र दिसतं म्हणून ज्याने ते रानात सोडून दिलं तो राजा. पराशर ऋषींनी ते वाढवलं. माणूस ओळखण्यात एवढी चूक केलेल्या बापाला त्याच मुलाने प्रकृतीची लक्षणं समजावून सांगावीत, ही पुराणकाराची खोच मला फार आवडते.

आज हे समजावून सांगण्याचं काम मोबाइलने घेतलं आहे. भोकरदन, जालना, संभाजीनगरला शिकायला जाणारी आपली मुलं एसटीत बसल्या बसल्या साठेक प्रश्नांची फुकट चाचणी सोडवतात आणि चार इंग्रजी अक्षरांचा एक शिक्का घेऊन उतरतात. पुढे तो शिक्का इन्स्टाग्रामवर नावाखाली झळकतो. यात वाईट काही नाही. स्वतःविषयी कुतूहल असणं चांगलंच. पण त्या शिक्क्यावरून कुणी शाखा निवडणार असेल, नोकरी नाकारणार असेल किंवा ‘माझा टाइपच असा आहे’ म्हणून घरच्यांना गप्प करणार असेल, तर आधी हे सगळं चालतं कसं ते समजून घ्यावं.

या चार अक्षरांचं मूळ कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाच्या 1921 सालच्या पुस्तकात आहे. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द त्यानेच रूढ केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी त्यावरून प्रश्नावली बेतली आणि माणसांचे सोळा प्रकार पाडले. दोघींपैकी एकीचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. तो काही मोठा दोष मानायचं कारण नाही. खरी अडचण पद्धतीत आहे. माणसं अंतर्मुख आणि बहिर्मुख अशा दोन ढिगांत पडत नाहीत, बहुतेक जण मधेच कुठेतरी असतात. चाचणी मात्र बरोबर मधोमध रेघ मारते. एकावन्न टक्के अंतर्मुख निघालेला आणि एकोणपन्नास टक्के निघालेला, हे दोघं जवळपास एकसारखे असूनही त्यांना वेगवेगळी अक्षरं मिळतात. महिनाभराने पुन्हा सोडवली की बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं ते यामुळेच. तेव्हा अशी चाचणी दिलीच असेल तर अक्षरं सोडून द्या आणि त्याखालचे टक्के बघा. साठच्या आतबाहेरच्या आकड्यावर काहीही ठरवू नका.

मग तो निकाल वाचताना ‘अगदी माझंच वर्णन!’ असं का वाटतं? 1948 साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन प्राध्यापकाने आपल्या वर्गातल्या 39 विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हातात त्याचं म्हणून एक वर्णन ठेवलं. ते कितपत जुळतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली 4.26. सगळ्यांना दिलेलं वर्णन एकच होतं, आणि ते फोररने राशिभविष्याच्या पुस्तकातून जुळवलं होतं. ‘तुम्ही वरून खंबीर दिसता, पण आतून हळवे आहात’ हे वाक्य राजूरच्या बाजारात कुणालाही म्हणून बघा, मान हलतेच. म्हणून निकाल वाचताना एक करावं: आपल्यापेक्षा अगदी वेगळ्या स्वभावाच्या भावाबहिणीला तो त्यांचा म्हणून वाचून दाखवावा. त्यांनाही पटला, तर त्या वर्णनात तुमचं असं काही नाही.

प्रकारांचा नाद सोडून मानसशास्त्रज्ञ गेली काही दशकं पाच पट्ट्या वापरत आले आहेत. नव्याची ओढ, कामातला नेटकेपणा, लोकांत मिसळणं, जुळवून घेणं आणि मनाला लागून राहणं, अशी मराठीत त्यांची ढोबळ नावं सांगता येतील. प्रत्येक पट्टीवर माणूस कमीजास्त असतो, पूर्ण आहे किंवा अजिबात नाही असं नसतं. आपल्याकडचा त्रिगुणांचा विचारही मुळात असाच होता: तिन्ही गुण सगळ्यांतच, प्रमाण वेगळं, आणि तेही वेळेनुसार वरखाली होणारं. माणसाला एकाच डब्यात कायमचं बंद करण्याची हौस नंतरची.

या पाच पट्ट्यांवर आपण कुठे आहोत हे शोधायला ॲप लागत नाही. शंभर पानी वही पुरते. तीन आठवडे, रोज रात्री एक प्रसंग: काय झालं, मी काय केलं, नंतर कसं वाटलं. ‘मी कसा आहे’ हा प्रश्न वहीत येऊच द्यायचा नाही, कारण त्याचं उत्तर आपण नेहमी आपल्याला जसं व्हायचं असतं तसं देतो. ‘काल मी काय केलं’ याचं उत्तर फिरवणं तितकं सोपं नाही.

समजा, कृषी सेवा केंद्रात कामाला असलेल्या एका तरुणाने अशी वही ठेवली. एक नोंद अशी असेल: ‘मंगळवार. फवारणीचा रिझल्ट आला नाही म्हणून एका शेतकऱ्याने दुकानात येऊन आवाज चढवला. मी काहीच बोललो नाही. मालक आल्यावर बाटलीवरचा बॅच नंबर आणि बिल दाखवलं. रात्री जेवताना तेच डोक्यात.’ दुसरी: ‘शुक्रवार. कंपनीच्या माणसाने पंचवीस शेतकऱ्यांसमोर माहिती सांगायला लावली. आदल्या रात्री कागदावर लिहून काढली होती म्हणून जमलं. नंतर तासभर मागच्या गोदामात एकटाच पोती मोजत बसलो, बरं वाटलं.’ मोबाइलची चाचणी या मुलाला अंतर्मुख म्हणून मोकळी होईल आणि तो फिरतीची नोकरी नको म्हणून बसेल. वही त्याहून बरंच जास्त सांगते. तयारी असली तर हा चारचौघांत बोलतो. बोलून झाल्यावर त्याला एकटेपण लागतं. भांडणात तोंड उघडत नाही, पण पुरावा जपून ठेवतो. झालेली गोष्ट मनातून लवकर जात नाही. अशा मुलाला शेतकरी मेळाव्याचं काम जमेल, फक्त दिवसाला तीन मेळावे लावू नयेत.

प्रसंग कुठून आणायचे हा प्रश्न राजूर परिसरात तरी पडू नये. अंगारकीला सगळा गाव माणसांनी भरून जातो. रात्री घरी आल्यावर तुम्हाला हुरूप आलेला असतो, की दोन दिवस कुणी बोलू नये असं वाटतं? दर्शनाच्या रांगेत कुणी मधे घुसला तर तुम्ही त्याला हटकता, पुढच्याला कोपराने खुणावता, की ‘जाऊ दे, म्हातारा माणूस आहे’ म्हणता? बियाणेवाल्याने नवं वाण आणलं तर सगळ्या रानात लावता, एक एकरात लावून बघता, की शेजाऱ्याचं पीक येईपर्यंत थांबता? उधारीची नोंद त्याच दिवशी होते की आठवेल तेव्हा? मुलीच्या शाळेचा दाखला, सातबारा, पीकविम्याची पावती एका पिशवीत आहे का, आणि ती पिशवी मागितल्याबरोबर सापडते का? नेटकेपणाची याहून चांगली चाचणी मला माहीत नाही.

मनाला लागून राहण्याची पट्टी मात्र सांभाळून वापरा. पाऊस लांबला, दुबार पेरणीची वेळ आली आणि झोप उडाली, तर तो तुमचा स्वभाव म्हणता येत नाही. त्या दिवसांत कुणालाच झोप नसते. अशा वेळी तुलना त्याच परिस्थितीतल्या माणसाशी करावी. बांधाला बांध असलेला चुलतभाऊ, तेवढंच रान, तेवढंच कर्ज. तो रात्री झोपतो आणि तुम्ही दोनदा उठून आभाळ बघता, तेव्हा फरक स्वभावाचा असण्याची शक्यता वाढते. टीव्हीवरच्या माणसाशी किंवा पुण्यात नोकरी करणाऱ्या मित्राशी तुलना करून काहीच हाती लागत नाही.

बायकांच्या बाबतीत याहून मोठा घोळ होतो, आणि त्याची दखल तयार प्रश्नावल्या सहसा घेत नाहीत. सासरी सासऱ्यांसमोर मान वर न करणारी सून माहेरी गेली की ओट्यावर बसून सगळ्या गल्लीला हसवते. ती अंतर्मुख की बहिर्मुख? सासरी बसून चाचणी सोडवली तर एक निकाल, दिवाळीत माहेरी सोडवली तर दुसरा. वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने 1968 सालच्या पुस्तकात नेमका हाच वाद उभा केला होता: माणूस जागा बदलली की वेगळा वागतो, मग प्रकार कसला पाडता? पुढे त्याने असं मांडलं, की स्वभाव शोधायचाच तर ‘असं असेल तर मी तसं वागते’ या साच्यात शोधावा. म्हणून सुनेने वहीत डाव्या पानावर सासर आणि उजव्या पानावर माहेर असं वेगळं लिहावं. दोन्ही पानांवर जे सारखं उतरेल, म्हणजे हिशोब चोख ठेवणं, आजाऱ्याजवळ न कंटाळता बसणं किंवा खोटं ऐकलं की चेहरा बदलणं, तो तिचा स्वभाव. जे एकाच पानावर आहे, तो त्या घराचा दाब किंवा त्या घराची सवलत. बचतगटाची अध्यक्ष कोण व्हावी हे ठरवताना दोन्ही पानं बघावीत. घरात अबोल असणाऱ्या कितीतरी बायका गटाच्या बैठकीत बँकेच्या साहेबाला नेमके प्रश्न विचारतात.

तीन आठवडे झाले की वही मिटून दुसऱ्यांना विचारायचं. हे टाळू नये. सिमीन वझीरे या संशोधिकेने 2010 साली दाखवून दिलं, की आपली आतली धाकधूक आपल्यालाच जास्त नीट कळते, पण आपली हुशारी किती हे मित्र आपल्याहून अचूक सांगतात; बडबडेपणा दोघांनाही सारखाच दिसतो. कारण उघड आहे: धाकधूक आत असते, आणि हुशारीच्या बाबतीत आपल्याला स्वतःविषयी बरं ऐकायचं असतं. तीन माणसं पुरेत. एक घरातलं, एक कामातलं, एक दोस्त. विचारण्याची पद्धत महत्त्वाची. ‘काका, माझ्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारलं की काका म्हणणार, ‘तू? लई गुणाचा हाईस बाबा.’ संपलं. त्याऐवजी विचारा, ‘काका, मी चिडलेला तुम्हाला शेवटचा कधी दिसलो? काय केलं होतं मी?’ आईला विचारा, ‘माझ्यावर सोडलेलं कोणतं काम तुला पुन्हा करावं लागलं?’ दोस्ताला विचारा, ‘पैशाची गोष्ट असली तर तू माझ्याकडे येशील का, आणि नसशील येणार तर का?’ उत्तर मिळालं की वाद घालायचा नाही. स्पष्टीकरण द्यायला तोंड उघडलं की समोरचा पुढचं खरं गिळून टाकतो.

याच वेळी आणखी एक करून बघावं. 1936 साली गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचं वर्णन करणारे जवळपास 18 हजार शब्द गोळा केले. पाच पट्ट्यांचा पाया त्या यादीत आहे. आपल्या घरात अशा शब्दांचा तोटा नाही. भिडस्त, घुमा, उतावळा, चेंगट, हेकट, धांदरट, तुसडा, काटेकोर, लहरी, मोकळा, आतल्या गाठीचा. कागदावर वीसेक शब्द लिहून तिघांकडे द्या आणि तुम्हाला लागू पडणाऱ्या तीन शब्दांवर खूण करायला सांगा. दोघांनी वेगवेगळं बसून एकाच शब्दावर खूण केली, तर तो शब्द वहीत घ्या, आवडो न आवडो.

अशी लक्षणांची यादी करून स्वतःला तपासण्यात आपल्या जालना जिल्ह्याचा मान मोठा आहे. समर्थ रामदास 1608 साली आजच्या घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी जन्मले. त्यांच्या दासबोधाचा दुसरा दशक म्हणजे स्वभाव तपासण्याची मराठीतली एक जुनी आणि सडेतोड प्रश्नावलीच आहे. मूर्खाची लक्षणं, उत्तम माणसाची लक्षणं, रज, तम, सत्त्व, आणि शेवटी पढतमूर्ख. ही लक्षणं ऐकून टाकून द्यावीत यासाठी सांगितली, असं समर्थ स्वतःच म्हणतात. मोबाइलच्या चाचणीत नेमकं हेच नसतं. ती तुम्हाला गोंजारते. समर्थांशी एका ठिकाणी माझं जमत नाही. घरात शहाणपण सुचतं पण सभेत तोंड उघडत नाही, त्या माणसाला ते मूर्खांत बसवतात. अशी कितीतरी लाजाळू पण जाणती माणसं ग्रामसभेत मागच्या रांगेत बसलेली असतात, आणि त्यांना लेखी मुद्दा द्यायला सांगितलं की उत्तम देतात. पढतमूर्खाबद्दल मात्र पूर्ण सहमत. सोळाही प्रकारांची नावं पाठ असलेला आणि आईचं औषध कधी संपतं हे माहीत नसलेला मुलगा त्याच समासातला.

वहीचा निकाल लिहिताना ‘मी अमुक प्रकारचा’ असं वाक्य टाळून पाचसहा साधी वाक्यं लिहावीत. ‘अनोळखी माणसांत पहिल्या भेटीत गप्प असतो, तिसऱ्या भेटीत मोकळा होतो.’ ‘काम वेळेत करतो, पण कुणी मागे लागलं तरच.’ ‘नाही म्हणता येत नाही, आणि मग मागून कुरकुर करतो.’ वर तारीख टाका. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी 2006 साली 92 दीर्घकालीन नमुन्यांचा एकत्र आढावा घेतला, त्यात वयाबरोबर माणसं सरासरीने जास्त जबाबदार आणि मनाने जास्त स्थिर होत जातात असं दिसलं, आणि यातला मोठा बदल विशी ते चाळिशीत होतो. विसाव्या वर्षी लिहिलेलं वाक्य तिसाव्या वर्षी खोडावं लागलं तर नवल नाही.

दहावीच्या पालकांसाठी थोडं वेगळं. राज्य मंडळाने 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली होती. कृषी, वाणिज्य, आरोग्य, तांत्रिक, ललित कला, मानव्यविद्या, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे आहे ते ती सांगायची. ती चाचणी आवडीची होती. आवड, क्षमता आणि स्वभाव या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरोघरी त्यांचा गोंधळ होतो. पोलीस भरतीची आवड असणं, धावण्यात वेळ गाठणं, आणि वरिष्ठ ओरडला तरी डोकं शांत ठेवणं, हे तिन्ही तपासल्याशिवाय मुलाला अकॅडमीत घालू नये. नीट चाचण्या करून घ्यायच्या असतील तर प्रशिक्षित समुपदेशकाकडेच जावं. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्था हे काम अनेक दशकं करत आल्या आहेत. मराठीत प्रश्न आहेत का आणि निकाल समोर बसून समजावून सांगणार का, हे आधी फोनवर विचारून घ्या.

आणि बोटांचे ठसे घेऊन मुलाचा स्वभाव, बुद्धी, करिअर सगळं सांगतो म्हणणारे कुणी शाळेत किंवा शिकवणीत आले, तर काही हजार रुपये वाचवा. त्या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचं देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीरपणे सांगितलेलं आहे. बोटावरच्या रेषा गर्भातच ठरतात. मुलगा अभ्यासाला बसेल की नाही हे त्यांना माहीत नसतं.

वही लिहिताना एखाद्याच्या लक्षात येईल, की दोनतीन आठवड्यांत एकही दिवस बरा गेला नाही, झोप नाही, भूक नाही, जगावंसं वाटत नाही. तो स्वभावाचा प्रकार समजून वहीत बंद करू नका. टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक 14416 आहे, दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

बाकीच्यांनी वही लगेच सुरू करावी. ज्यांच्या घरी यंदा दहावी-बारावीचं मूल आहे त्यांनी तर दिवाळीच्या सुट्टीतच, कारण निकाल लागल्यावर प्रवेशाच्या धावपळीत तीन आठवडे मिळत नाहीत.